एकदाच येऊन गेलेल्यांचे काका

“येतो बोलो, काका! पहले येतो बोलो!”

टेकबहादूर ओरडत होता. टेकबहादूर आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, राहणार नेपाळ. एरवी त्याचा आवाज इतका बारीक की त्यानं गुड मॉर्निंग म्हटलं तर माणूस कानाजवळचा डास हाकलायचा. पण त्या सकाळी त्यानं लिफ्टच्या दारात पाय घातला होता. दार त्या पायावर आपटत होतं, मागं जात होतं, पुन्हा येऊन आपटत होतं. लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई अरबीत आणि इंग्रजीत दार सोडा म्हणून विनवत होती. आत दोन सुटकेसांच्या मधे काका उभे होते आणि काही बोलत नव्हते.

चौथ्या मजल्यावरची सगळी दारं उघडली. समोरचा इजिप्शियन इंजिनियर अर्ध्या दाढीला फेस लावून बाहेर आला, त्यानं परिस्थिती पाहिली आणि तोही ओरडायला लागला, “यतो! काका, यल्ला, यतो!” शेजारच्या केरळी नर्सबाई नाइट ड्यूटी करून नुकत्याच झोपल्या होत्या, त्या उशी हातात घेऊन आल्या आणि त्यांनीही जांभई देत तेच सांगितलं. एका मराठी शब्दासाठी इतक्या देशांची माणसं एकत्र आलेली मी तरी दुसरीकडं कुठं पाहिलेली नाहीत.

हा शब्द त्यांना काकांनीच शिकवला होता, आणि तो काही प्रेमानं शिकवला नव्हता.

दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या त्या फ्लॅटचे मुख्य भाडेकरू काका. मी आणि रंगनाथ त्यांचे पोटभाडेकरू. मी सर्व्हेअर, म्हणजे उन्हात तिपाई घेऊन उभा राहणारा; रंगनाथ बीडकडचा, क्रेन चालवतो, म्हणजे माझ्याहून वरच्या उन्हात बसणारा. काका एका इंजिनियरिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते, सावलीत. ड्रॉइंग पहिल्यांदा निघालं की ते रेव्ह झिरो, म्हणजे रिव्हिजन शून्य; सुधारून आलं की रेव्ह वन, मग टू. आमच्याकडं गटाराचं झाकणसुद्धा रेव्ह चौदापर्यंत जातं. काकांचं काम एवढंच की कोण कितव्यांदा आलंय ते बघायचं. देवानं त्यांना त्याच कामासाठी घडवलं होतं आणि कंपनीनं ते ओळखलं होतं. असा योग फार कमी कंपन्यांच्या नशिबी येतो.

फ्लॅटचा नियम एकच होता. निघताना कुणी ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. यात नवीन काही नाही, मराठी घरात सगळे तसंच म्हणतात. पण इतर घरी तो शब्द हळूच, चपला घालता घालता म्हणतात. काका तो इमिग्रेशनसारखा वसूल करायचे. एसी दुरुस्तीला आलेला बांगलादेशी मेकॅनिक एकदा “खलास, गोइंग” म्हणून निघाला. काकांनी त्याला जिन्यातून परत आणला, सोफ्यावर बसवला, पाणी दिलं आणि ‘येतो’चा उच्चार नीट होईपर्यंत सोडला नाही. तो मेकॅनिक त्यानंतर एसी बिघडला नसतानाही येऊन जायचा, कारण येतो म्हणून गेलोय असं त्याला वाटत राहायचं. पाण्याच्या बाटल्या आणणारा, पार्सलवाला, भाड्याचा चेक न्यायला येणारा सुदानी एजंट, सगळे म्हणायला लागले. टेकबहादूरला तर तो आमच्या देवाचा मंत्र वाटायचा. भूकंपाची बातमी आली की तो डोळे मिटून ‘येतो, येतो’ म्हणायचा.

हे वेड कुठून आलं, ते पलंगाखाली होतं.

काकांच्या पलंगाखाली, कपाटावर, आणि स्वयंपाकघरात जिथं माणसं डाळी ठेवतात त्या ड्रॉवरांत इंग्लंडमधल्या मुलांच्या जुन्या चित्रसाप्ताहिकांचे गठ्ठे होते. पिवळे पडलेले कागद, काळी चित्रं, अधूनमधून एकच लाल रंग. काका देवळाली कॅम्पात वाढले. तिथून निघून गेलेल्या साहेबांच्या पोरांनी हे अंक मागं टाकले, ते रद्दीत आले, आणि काकांच्या वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. काकांचं इंग्रजी त्यावरच झालेलं. त्यामुळं ते ऑफिसच्या मेलमध्ये चुकीच्या ड्रॉइंगवर ‘क्राइकी’, म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘अरे बापरे’, असा शेरा मारत. त्यांचा स्कॉटिश प्रोजेक्ट मॅनेजर पहिल्यांदा तो शेरा वाचून केबिनचं दार लावून बसला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, हा शब्द माझे आजोबा गेल्यानंतर मी ऐकला नव्हता. त्यानं ते ड्रॉइंग तसंच, चुकीसकट, पास करून टाकलं. दोह्यात एक पादचारी पूल आहे, त्याचा जिना एका बाजूला जरा जास्तच रुंद आहे. कारण हे आहे.

आता असे अंक जमवणारे जगात पुष्कळ असतील. पण ते जमवतात त्यांच्या नायकांसाठी, म्हणजे दर आठवड्याला काचा फोडणारी, मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावणारी पोरं. काकांना त्या पोरांचं काही नव्हतं. “ते रोजचे मानकरी,” म्हणायचे. “त्यांना विचारणारे आहेत.” काकांचा जीव जडला होता एकदाच आलेल्यांवर. एका अंकात, दोन-चार चौकटींत येऊन गेलेली माणसं. शिंकेनं भिंत पाडणारा एक मुलगा. त्याला म्हणे संपादकानं अर्धं पान दिलं होतं, पुढच्या आठवड्यात त्या जागी साबणाची जाहिरात. पोपटाला घाबरून कपाटात राहणारी एक आत्या. तळ्यात पडलेला आणि खिशात मासा घेऊन बाहेर आलेला पोस्टमन. “यांची फक्त रेव्ह झिरो निघाली,” काका म्हणायचे, आणि असं म्हणायचे की आपण जेवत असलो तर घास थांबावा.

शुक्रवारी जेवणं झाली की काका एक माणूस वाचायचे. वाचायचे म्हणजे अंक उघडून दाखवायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे. सगळ्यात जास्त वेळा वाचला गेला तो पियानोवाला. झाडूसारखी मिशी, कोटाच्या कोपराला ठिगळ. पियानो चुकीच्या घरी पोचवतो, ती नेहमीची पोरं त्या पियानोवर बसून टेकडीवरून घसरतात, पियानो तळ्यात. शेवटच्या चौकटीत पियानोवाला हातात एकच पांढरी पट्टी घेऊन उभा, टोपी हलवतो, गुडबाय म्हणतो. बस. परत कधी नाही. काकांनी त्याच्या तोंडापुढच्या संवादाच्या फुग्यात गुडबायच्या खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘येतो हं’. सगळ्यांच्याच फुग्यांत लिहिलं होतं.

रंगनाथला तो पियानोवाला भलताच लागला. दर शुक्रवारी विचारायचा, “मंग त्यो घरी गेला का न्हाई? आन पियानो कुनाच्या अंगावर आला? पगारातून कापला आसंल.” काका म्हणायचे, माहीत नाही, पुढं आलाच नाही. रंगनाथनं ही गोष्ट बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पात त्याच्या गाववाल्यांना सांगितली. तिथं दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, कंपनीनं त्याला डिपोर्ट केला. दुसऱ्याचं म्हणणं, तो पळून दुसऱ्या कंपनीत लागला, मिशी काढून. या वादावरून एका खोलीतल्या माणसांनी दुसऱ्या खोलीचा टीव्ही बघणं सोडलं, असं रंगनाथ सांगायचा. मी त्यातलं अर्धं धरतो.

काकांचा सिद्धांत असा, की दोष चित्रकाराचा नाही, भाषेचा आहे. इंग्रजीत ‘येतो’ म्हणून निघायची सोय नाही. गुडबाय म्हटलं की माणूस गेला. चित्रकारानं शब्दाला धरून त्याला परत काढला नाही. “देवळालीचे साहेब बघ ना,” काका मला म्हणायचे. “इतकी वर्षं राहिले. निघताना गुडबाय म्हणाले. झालं. अख्ख्या साम्राज्यातल्या एकाला तरी ‘येतो’ म्हणायची अक्कल पाहिजे होती.” मग जरा थांबून म्हणायचे, “न म्हणाले ते बरंच झालं म्हणा.”

काका भात लावायचे. आम्हाला कुकरला हात लावू देत नसत. तिघांचा भात, आणि वर एक वाटी तांदूळ जास्त. कोण येणार आहे का, असं मी सुरुवातीला विचारायचो. “कुणी येतो म्हणून गेलेलं असतं,” एवढंच उत्तर. तो भात सकाळी फोडणी देऊन रंगनाथ डब्यात न्यायचा. क्रेनच्या केबिनमधे बसून त्यानं न आलेल्या पाहुण्यांचा इतका भात खाल्ला की शेवटी केबिनमधल्या सीटचा पट्टा बदलावा लागला.

काकूंबद्दल मला पहिल्यांदा कळलं ते टेकबहादूरकडून. काकू नाशिकला, एका शाळेच्या हेडमास्तरीण. आमच्या येण्याआधी कधीतरी त्या एकदाच दोह्याला आल्या होत्या, मे महिन्याच्या सुट्टीत, व्हिजिट व्हिसावर. मे महिन्यात दोह्यात वारासुद्धा हेअर ड्रायरमधून येतो. त्यांनी डाळीचा ड्रॉवर उघडला तर आतून तो पोस्टमन निघाला. आठवड्याभरात काय बोलणं झालं ते टेकबहादूरला माहीत नव्हतं, पण विमानतळावर बॅगा उचलायला तो गेला होता. काकू आत जाताना म्हणाल्या, “जाते मी.” काकांनी तिथंच आरडाओरडा केला. येते म्हण, येते म्हण! पोलीस आला. टेकबहादूरनं पोलिसाला सांगितलं की हे साहेब बायकोच्या आठवणीनं रडतायत. पोलीस बिचारा काकांना खजूर देऊन गेला.

काकू त्यानंतर आल्या नाहीत. आणि काका, वर्षाला मिळणारी सुट्टी सोडली, तर नाशिकला गेले नाहीत. कंपनी दर वेळी काँट्रॅक्ट वाढवून देत होती आणि काका सही करत होते. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. हे विचारायचे, कधी येतेस. तिकडून उत्तर, बघू. काकू रिटायर झाल्या. तरी बघू. एकदा मी धीर करून म्हटलं, काका, तुम्हीच का जात नाही कायमचे, वय झालं, आता इथं काय आहे? काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी रेव्ह नंबर नसलेलं ड्रॉइंग आहे.

“ती जाते म्हणून गेलीय,” ते म्हणाले. “मी आत्ता हे घर बंद केलं, तर माझ्या घरात ती एकदाच आलेली राहील. पोपटवाल्या आत्यासारखी. मला ते चालणार नाही.”

म्हणजे प्रकरण असं होतं. ती आल्याशिवाय हे जाणार नाहीत, आणि हे जात नाहीत म्हणून ती येणार नाही. दोघांच्या मधे एक अख्खा अरबी समुद्र, आणि त्याच्या तळाशी एक क्रियापद.

मग एका डिसेंबरात फोनवर ‘बघू’च्या जागी ‘तिकीट काढलंय’ आलं.

काकांनी फ्लॅट धुतला. भिंतीसुद्धा धुतल्या. मला आणि रंगनाथला अल रय्यानला माझ्या मित्राच्या हॉलमधे हलवलं. ड्रॉवरांत डाळी भरल्या. इतक्या प्रकारच्या डाळी की मला वाटतं त्यातल्या दोन-तीन इथंच शोधून काढलेल्या असाव्यात. गठ्ठे सगळे पलंगाखाली. काकू आल्या. बुटक्या, चष्मा, आवाज असा की लिफ्टमधली बाई त्यांच्यासमोर पहिल्यांदाच गप्प झाली. आल्या आल्या त्यांनी कुकर उघडला, आत पाहिलं आणि विचारलं, “हा तिसरा भात कोणाचा?” काका म्हणाले, असू दे.

काका सकाळी ऑफिसला गेले की दिवसभर काकूंना काम नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पलंगाखालचा पहिला गठ्ठा ओढला. मग दुपारच्या दुपार, उजेडाला गॅलरीत बसून, एकेक पान. पेपर तपासतात तसं. लाल पेन मागितलं नाही, एवढीच कृपा.

शुक्रवारी आम्हाला जेवायला बोलावलं. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. रंगनाथनं इतका ठेचा खाल्ला की खालच्या मजल्यावरचा स्मोक डिटेक्टर वाजला. जेवण झाल्यावर काकांनी सवयीनं पियानोवाल्याचा अंक काढला. वाचून झालं. रंगनाथनं सवयीनं विचारलं, मंग त्यो घरी गेला का न्हाई. काका म्हणाले, पुढं आलाच नाही.

“आलाय की,” काकू म्हणाल्या.

त्या उठल्या, आतून दुसरा एक अंक घेऊन आल्या, मधलं पान उघडून टेबलावर ठेवलं. क्रिकेटची मॅच. नेहमीच्या पोरानं चेंडू मारलाय, चेंडू मास्तरांच्या टोपीतून आरपार. मागं बघ्यांची गर्दी, सुपारीएवढी डोकी. काकूंनी बोट ठेवलं. दोन टोप्यांच्या मधे झाडूसारखी मिशी. आइस्क्रीमचा कोन धरलेला हात, कोपराला ठिगळ.

काकांनी ऑफिसचं भिंग आणलं. पाहिलं. मग ते ओरडायला लागले. तो हा नव्हे. मिशा पुष्कळांना असतात. ठिगळं पुष्कळांना असतात. इतकी वर्षं मी हा अंक पाहतोय, तो असता तर मला दिसला नसता? चित्रकार वेगळा असेल. आळशी असेल, जुनीच मिशी उचलली असेल. शिवाय हा बोलत कुठं आहे? याला फुगा कुठं आहे? आवाज गल्लीत गेला. समोरचा इजिप्शियन बाहेर येऊन बेलवर बोट ठेवून उभा राहिला. रंगनाथला मात्र कशाचं भान नव्हतं. तो त्या सुपारीएवढ्या डोक्याकडं बघून हसत होता. “आला म्हना की,” म्हणत होता. “आइस्क्रीम बी खायलाय. म्हंजी पगार चालू हाय.”

काकू काकांचं ओरडणं संपेपर्यंत थांबल्या. वर्ग शांत होईपर्यंत थांबायची सवय.

“परत आलेला माणूस बोलतोच असं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गुडबायवाले शोधत बसलात.”

काकांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी इतक्या वर्षांचा तो प्रश्न विचारला. ओरडून नाही. म्हणाले, “तू तेव्हा जाते का म्हणालीस?”

काकूंनी टेबलावरचे भाकरीचे तुकडे एका हातानं दुसऱ्या हातात गोळा केले.

“तुमच्यासाठीच म्हणाले. तुम्ही दरवर्षी येतो म्हणून जाता. येतो म्हणून गेलेल्या माणसाची वाट बघावी लागते. जिना वाजला की कान तिकडं. पाहुणा नसला तरी भात जास्तीचा. मला माहीत आहे ना ते. म्हटलं, तुमच्यामागं तरी ते नको. जाते म्हटलं की मागच्याला भात कमी लावता येतो.” तुकडे त्यांनी ताटात टाकले. “तुम्ही तरी जास्तीचाच लावत बसलात.”

बेल केव्हाच थांबली होती. इजिप्शियन इंजिनियर दारातून ऐकत होता, आणि मराठी कळत नसूनही तो पाय न वाजवता घरी गेला.

काकू परत निघाल्या तेव्हा विमानतळावर मी गाडी घेऊन गेलो होतो. टेकबहादूर पण होता, खिशात खजूर घेऊन; पोलिसाला या वेळी आपण द्यावे म्हणून. काकू आत जाताना म्हणाल्या, “जाते.” आम्ही दोघांनी कान झाकायची तयारी केली.

“बरं,” काका म्हणाले.

खजूर आम्ही पार्किंगमधे खाल्ले.

रंगनाथ आणि मी फ्लॅटवर परत आलो. पुढच्या महिन्यात काँट्रॅक्टचा कागद आला, तो काकांनी सही न करता परत पाठवला. वर शेरा, ‘क्राइकी’. स्कॉटिश मॅनेजर पुन्हा दार लावून बसला. गठ्ठे समुद्रमार्गे नाशिकला गेले. क्रिकेटच्या मॅचचं तेवढं पान काकांनी रंगनाथला दिलं. ते आजही क्रेनच्या केबिनच्या काचेला चिकटवलेलं आहे. लुसैलच्या बाजूला अमुक उंचीवर एक पियानोवाला आइस्क्रीम खात समुद्र बघतो, आणि रंगनाथचे गाववाले सुट्टीच्या दिवशी त्याला भेटू दे म्हणून मागं लागतात.

तर काका कायमचे निघाले त्या सकाळी लिफ्टचं दार टेकबहादूरच्या पायावर आपटत होतं. इजिप्शियनच्या गालावरचा फेस वाळला होता. नर्सबाईंनी उशी छातीशी धरली होती. पाण्याच्या बाटल्यांवाला जिन्यातून आला, त्यानं खांद्यावरची बाटली खाली ठेवली आणि काहीही न विचारता तोही म्हणायला लागला. एवढा मोठा शब्द, एवढ्या उच्चारांत, त्या पॅसेजमधे पुन्हा कधी झाला नाही. रंगनाथ आणि मी मात्र गप्प उभे होतो.

“बोलो ना काका,” टेकबहादूर म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. “येतो बोलो.”

काकांनी वाकून त्याचा पाय हलकेच बाजूला केला. मग आमच्या दोघांकडं पाहिलं.

“जातो,” ते म्हणाले. “आजपासून भात कमी लावा.”